यादीत आपलं गाणं कुठे आहे?

(नंदुरबार इथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, गाण्यांवर बोलतो. त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. शिक्षण, स्पर्धा परीक्षा, आयटीतल्या नोकऱ्या हे विषय सोडून सॉफ्टवेअर इंजिनिअर गाण्यांवर काय बोलणार? माझा गाण्याचा अभ्यास नाही, गळा तर अजिबात नाही. पण मागच्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जाईना. तिथूनच सुरुवात करतो.

माझी भाची नववीत होती. तिचा आवाज चांगला आहे. शाळेत कार्यक्रम होता, तिला साने गुरुजींची प्रार्थना म्हणायची होती. जगावर प्रेम करायला सांगणारी ती प्रार्थना आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत म्हटलेली आहे. गुरुजी आपल्या खानदेशात अमळनेरला शिक्षक होते, म्हणजे एका अर्थाने ती आपल्या घरचीच. कार्यक्रम बसवणाऱ्यांनी तिला सांगितलं, "प्रार्थना बाकीच्या मुली म्हणतील. तू कव्वाली म्हण. सर्वधर्मसमभाव दिसेल." सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. भाचीला कव्वाली येत नव्हती. तरी ती यूट्यूबवरून शिकायला बसली. तेव्हा घरातले एक मोठे म्हणाले, "मुलीच्या जातीने स्टेजवर गायचं नाही. आपल्यात चालत नाही." झालं. तिने नाव काढून घेतलं. बाहेरच्यांनी सांगितलं तू मुसलमान आहेस म्हणून हेच गा, घरच्यांनी सांगितलं तू मुसलमान आहेस म्हणून गाऊच नकोस. आणि मी, तिचा मामू, इंजिनिअर, पुण्या-मुंबईत राहिलेला, त्या दिवशी त्याच खोलीत बसून चहा पीत होतो. एक शब्द बोललो नाही. आज बोलतोय ते थोडं त्या गप्प बसण्याचं देणं फेडण्यासाठी.

त्यानंतर मी वाचत गेलो. कुठल्या माणसांनी कुठलं गाणं गावं, ऐकावं, विकत घ्यावं, हे ठरवणारे खण पूर्वी कुठे होते का? ते कसे बनले, कसे मोडले? वाचता वाचता मी १९४२ सालात जाऊन पोचलो.

१९४२ म्हटलं की नंदुरबारच्या माणसाला एकच तारीख आठवते, ९ सप्टेंबर. त्या दिवशी इथल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता १५ वर्षांचा होता, म्हणजे माझ्या भाचीच्याच वयाचा. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही गेले. तेव्हा आपला जिल्हा नव्हता, नंदुरबार हे पश्चिम खानदेशातलं गाव होतं. घरात गुजराती बोलणारा मुलगा, मराठी-अहिराणी मुलखातलं गाव, आणि डोळ्यासमोर अख्खा देश. त्या मुलांना कुणी विचारलं नाही की तुमच्या खणातली घोषणा कुठली.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, २४ ऑक्टोबर १९४२ रोजी, अमेरिकेत एक साधी गोष्ट घडली. 'बिलबोर्ड' नावाच्या व्यापारी साप्ताहिकाने एक छोटी यादी छापली. नाव 'हार्लेम हिट परेड'. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची वस्ती. तिथल्या मोजक्या रेकॉर्डच्या दुकानांत विचारायचं, या आठवड्यात काय जास्त खपलं, आणि वरची दहा गाणी छापायची. पहिल्या यादीत पहिला नंबर अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदाच्या 'टेक इट अँड गिट' या गाण्याचा होता. ज्याला पुढे 'रिदम अँड ब्लूज' म्हटलं गेलं, त्या संगीताच्या खपाचा नियमित हिशेब इथून सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? मोठं हे की त्याआधी हा हिशेब कुणी ठेवतच नव्हतं. सगळ्या देशाची म्हणून एक यादी 'बिलबोर्ड'ने १९४० च्या जुलैमध्ये सुरू केली होती, पण काळ्या वस्त्यांत काय खपतं याचा पत्ता त्या यादीतून लागत नव्हता. रेकॉर्ड कंपन्या काळ्या कलाकारांच्या रेकॉर्ड १९२० च्या दशकापासून वेगळ्या काढत होत्या. वेगळी मालिका, वेगळे क्रमांक, वेगळी जाहिरात. नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या रेकॉर्ड. गंमत अशी की तेव्हा काळ्या वर्तमानपत्रांतही 'रेस' हा शब्द अभिमानाने वापरला जाई. आपण 'कौम' म्हणतो ना, तसा. 'कौमचा माणूस' म्हटलं की आपली छाती फुगते. पण तोच शब्द दुकानदार कपाटावर चिकटवतो तेव्हा त्याचा अर्थ होतो, हे इकडच्यांचं, हे तिकडच्यांचं.

या यादीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. १९४२ च्या अखेरीला या हार्लेमच्या यादीत पहिल्या नंबरवर कोण होतं? बिंग क्रॉस्बी या गोऱ्या गायकाचं 'व्हाईट ख्रिसमस'. गाणं नाताळचं. लिहिणारे आयर्विंग बर्लिन ज्यू, रशियातून लहानपणी आलेले. गाणारा गोरा कॅथलिक. आणि ते घेण्यासाठी रांग लावणारे हार्लेममधले काळे लोक. युद्धाचा पहिला मोठा हिवाळा, घरची पोरं फौजेत. घराची आठवण करून देणारं गाणं त्यांनी घेतलं, विषय संपला. यादी कपाटाप्रमाणे केलेली नव्हती, दुकानात खरोखर काय खपलं त्याप्रमाणे केलेली होती, म्हणून हे दिसलं. माणसं खणात राहात नाहीत. खण दुकानदाराच्या सोयीसाठी असतात.

उलटंही झालं. लुई जॉर्डन हा काळा सॅक्सोफोनवाला आणि गायक त्या काळातला या यादीचा बादशहा होता. त्याची १८ गाणी पहिल्या नंबरवर गेली, आणि सगळी मिळून ती ११३ आठवडे तिथे राहिली. १९४४ मध्ये सैनिकांच्या जगण्यावरचं त्याचं 'जी. आय. जाइव्ह' हार्लेमच्या यादीत पहिलं आलं आणि सगळ्या देशाच्या यादीतही पहिलं आलं. त्याच्या आणखी एका पहिल्या नंबरच्या गाण्याचं नाव होतं 'रेशन ब्लूज'. विषय काय, तर साखर-मटण रेशनवर गेल्याने माणसाचे झालेले हाल. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, मुंबईतही रेशनिंग सुरू झालं होतं आणि बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मरत होती. हार्लेममध्ये रेशनवर हसता येत होतं, बंगालमध्ये तेही शक्य नव्हतं. हा फरक विसरून दोन्हीकडे सारखंच होतं असं मी म्हणणार नाही.

पण एक धागा दोन्हीकडे जोडलेला आहे आणि तो फारच थोड्या लोकांना माहीत असतो. तेव्हाच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड कशाच्या बनायच्या? लाखेच्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचा किडा राहतो, तो राळ सोडतो, ती खरवडून, धुऊन, वितळवून चपडा तयार होतो. जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातून जात होती, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून. गोळा करणारे कोण? आदिवासी. तुम्ही सातपुड्यातली मुलं पळस ओळखता. त्याच झाडावरच्या किड्याच्या राळेत हार्लेमचं गाणं कोरलं जात होतं. युद्धात लाख दारूगोळ्यासाठी आणि इतर लष्करी कामांसाठी लागू लागली, समुद्रातली वाहतूक धोक्याची झाली, आणि अमेरिकी सरकारने १९४२ च्या एप्रिलमध्ये लष्कराबाहेरच्या वापरात ७० टक्के कपात केली. रेकॉर्ड कंपन्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या, जुनी फुटकी रेकॉर्ड आणून द्या.

मग कंपन्यांनी काय केलं? माल कमी असला की पहिली कात्री कुणावर चालते, हे आपल्याला सांगायला नको. त्यांनी 'रेस' मालिकांवर कात्री चालवली. त्यात १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, कारण रेकॉर्ड वाजली की वादकाची मजुरी जाते. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, बाकीच्या दोन मोठ्या कंपन्यांनी १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून धरलं. या दोन वर्षांत मोठ्यांची दारं बंद होती, म्हणून लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. कुणाचं रेकॉर्डचं दुकान होतं, कुणाचा ज्यूकबॉक्सचा धंदा. अशाच एका लहान कंपनीने सेसिल गँट नावाच्या काळ्या सैनिकाचं 'आय वंडर' काढलं. पियानो आणि आवाज, बाकी काही नाही. रेकॉर्डवर नावाआधी 'प्रायव्हेट' म्हणजे शिपाई असा हुद्दा छापलेला. ते १९४५ मध्ये यादीत पहिल्या नंबरवर गेलं. त्याच वर्षी जो लिगिन्सचं 'द हनीड्रिपर' १८ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं, तेही एका लहान कंपनीचंच.

हा शिपाई कुठल्या फौजेत होता? जिथे काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या, अशा फौजेत. हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणारी फौज स्वतः वंशावर विभागलेली होती. 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्या वर्तमानपत्राने १९४२ च्या फेब्रुवारीत 'डबल व्ही' अशी मोहीम काढली. विजय दोन हवेत, एक बाहेरच्या फॅसिझमवर आणि एक घरातल्या भेदावर. फौजेतला भेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला. तोवर युद्ध संपून तीन वर्षं झाली होती.

यातले हजारो सैनिक आपल्या देशात आले होते. आसामातून ब्रह्मदेशात जाणारा लेडो रस्ता बांधायला सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिक होते आणि त्यातले ६० टक्क्यांच्या आसपास काळे होते. टेडी वेदरफर्ड हा काळा पियानोवादक तर युद्धाआधीपासून इथे होता. आधी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, मग कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात. १९४५ मध्ये कोलकात्यातच तो कॉलऱ्याने गेला. या लोकांच्या बँडमध्ये आणि आजूबाजूला गोव्याचे वादक वाजवत, शिकत होते. हेच वादक पुढे मुंबईच्या सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आले. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादांना ज्या चालींवर नाचवलं, त्यात हा ठेका आहे, आणि त्यात वाजवणारा चिक चॉकलेट हा गोव्याचाच. म्हणजे आपल्या गल्लीत वरातीचा बँड 'अलबेला'ची गाणी वाजवतो, तेव्हा हार्लेमचा एक धागा नंदुरबारच्या रस्त्यावर नाचत असतो. त्याला कुणी व्हिसा विचारत नाही.

आता आपल्याकडे येऊ. युद्धाच्या त्याच वर्षांत आपल्याकडे काय गाजत होतं? आपल्याकडे तेव्हा अशी यादी कुणी छापत नव्हतं, म्हणून आकडे नाहीत. पण काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. १९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' आला. कोलकात्याच्या रॉक्सी थिएटरात तो तीन वर्षांहून जास्त चालला. त्यातलं एक समूहगान वरवर जर्मनी-जपानला हाकलून देत होतं, म्हणून इंग्रजांच्या सेन्सॉरने सोडलं. थिएटरातल्या प्रेक्षकाला मात्र कळत होतं की हाकलायचं कुणाला आहे. ऑगस्ट १९४२ नंतरचे ते महिने. नेते तुरुंगात, शिरीषकुमारला जाऊन चार महिने झालेले. हे गाणं लिहिणारे कवी प्रदीप, चाल अनिल विश्वास यांची, आणि आवाज? अमीरबाई कर्नाटकी आणि खान मस्ताना. अमीरबाई तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या. त्यांच्या बहीण गोहरबाई बालगंधर्वांबरोबर मराठी रंगभूमीवर गात होत्या. त्या काळात हे देशाचं गाणं गायला अमीरबाईंना कुणी म्हटलं नाही की हे बाकीच्या म्हणतील, तुम्ही कव्वाली म्हणा.

आणि कव्वालीचं म्हणाल तर तीही होती. १९४५ च्या 'जीनत'मध्ये नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायलेली कव्वाली हिंदी सिनेमातली बायकांची पहिली कव्वाली म्हणून ओळखली जाते. पडद्यावर त्या बायकांच्या घोळक्यात सोलापूरची एक मराठी पोरगी बसली होती, पुढे ती शशिकला म्हणून नावाजली. म्हणजे देशभक्तीचं गाणं अमीरबाईंनी गायलं आणि कव्वालीत जवळकरांची शशिकला बसली. आजच्या कार्यक्रम बसवणाऱ्यांच्या हिशेबाने दोन्ही चुकीच्या खणात.

तिसरं नाव आपल्या मराठीतलं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. जग त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावात, गावोगावच्या मैदानांत पोवाडे, लावण्या, लोकनाट्य. युद्धाच्या काळात अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. मातंग समाजातला शाहीर, मुसलमान शाहीर, आणि विषय रशियातल्या एका शहराचा. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेखांच्या डफाने मैदानं भरली. त्यांनी महाराष्ट्राचं गाणं गायलं तेव्हा ते पाहुणे म्हणून गात नव्हते, घरचे म्हणून गात होते.

आता परत त्या यादीकडे. १९४५ मध्ये 'हार्लेम हिट परेड' हे नाव गेलं आणि यादीच्या नावात 'रेस रेकॉर्ड्स' हे शब्द आले. मग १९४९ च्या जूनमध्ये 'बिलबोर्ड'ने तेही बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. हा शब्द सुचवणारे जेरी वेक्सलर तिथे वार्ताहर होते. वंशाचं नाव गेलं, संगीताचं नाव आलं. चांगली गोष्ट झाली. पण नाव बदललं म्हणून खण मोडला का? लगेच नाही. १९५३ मध्ये बिग मामा थॉर्न्टन या काळ्या गायिकेचं 'हाउंड डॉग' रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं. तीन वर्षांनी एल्व्हिस प्रेस्लीने तेच गायलं आणि अख्ख्या देशाच्या यादीत पहिलं आलं. मान आणि पैसा कुणाकडे किती गेला, हे तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून मी तुम्हाला नावं बदलायच्या मोहिमेत पाठवत नाहीये. नाव महत्त्वाचं आहे, पण हिशेब कोण ठेवतं आणि गल्ला कुणाकडे जातो, हेही विचारा.

इथे माझ्या कामाचं थोडं सांगतो. आज तुमच्या मोबाईलवर कुठलं गाणं पुढे येईल, हे ठरवणारे कार्यक्रम माझ्यासारखेच लोक लिहितात. त्यात जादू नसते. आधी कुणी काय ऐकलं त्याची नोंद, आणि तुम्ही कुणासारखे आहात याचा अंदाज, यावर तो चालतो. ज्याची नोंद नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. हार्लेमची दुकानं विचारली नसती तर लुई जॉर्डन लोकप्रिय आहे हे 'बिलबोर्ड'ला कळलं नसतं. आज अहिराणीतली, भिलोरीतली, आपल्या घरातल्या दख्खनीतली गाणी तुमच्या मोबाईलने किती वेळा पुढे केली? गाणी आहेत, नोंद नाही. दुसरी गोष्ट, मशीनने तुम्हाला एकदा एका खणात टाकलं की तो खण दिवसेंदिवस पक्का होतो, कारण तुम्ही तेवढंच ऐकता आणि तेवढंच ऐकता म्हणून तेवढंच दाखवलं जातं. माझ्या भाचीचं हेच झालं. फक्त तिथे मशीन नव्हतं, माणसं होती.

आता घरातल्या खणाबद्दल, कारण फक्त बाहेरच्यांना बोललो तर अर्धंच बोललो असं होईल. गाणं इस्लाममध्ये चालतं की नाही, यावर मी फतवा द्यायला उभा नाही. मी आलिम नाही. पण एवढं मला वाचून माहीत आहे की हा वाद बाराशे वर्षं जुना आहे आणि त्यात एकच मत कधी नव्हतं. विरोध करणारे मोठे फकीह झाले. आणि इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, त्यात कुठलं ऐकणं योग्य, कुठलं अयोग्य याची बारीक चर्चा केली. चिश्ती सूफींच्या खानकाहांत तर गाणं इबादतीचा भाग झालं. ज्याला गाणं नको वाटतं, त्याच्या न ऐकण्याचा मी आदर करतो. माझ्या नात्यात अशी माणसं आहेत आणि ती फार चांगली माणसं आहेत. माझी तक्रार दुसरी आहे. मुलगा डीजेसमोर नाचला तर "जवान आहे" म्हणायचं आणि मुलीने प्रार्थना म्हटली तर "आपल्यात चालत नाही" म्हणायचं, हा दीनचा मसला नाही. ही आपली सोय आहे. तिला दीनचं नाव देऊ नका. आणि निर्णय घ्यायचा असेल तर ज्या मुलीचा गळा आहे तिला त्या खोलीत बसवा, तिला बोलू द्या.

शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या या मासिकाच्या जवळची आहे. १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले बा. वि. केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. शास्त्रीय संगीत मुसलमानांच्या हातात जाऊन बिघडलं, असंही त्यांचं मत होतं. पुन्हा एक खण. मग लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. सिलोनची ती ताकदवान यंत्रणा दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेली होती. तिथून १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यावरून गाण्यांना पायदान मिळू लागलं. आपल्याकडची पहिली खरीखुरी यादी ही. आणि ती सांगणारा आवाज अमीन सयानींचा.

अमीनभाईंची अम्मी कुलसुम सयानी प्रौढ शिक्षणाचं काम करत. १९४० मध्ये, युद्ध सुरू असताना, त्यांनी 'रहबर' नावाचं नियतकालिक काढलं. सोप्या हिंदुस्थानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी. लहानगा अमीन त्या कामात हात लावायचा. सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे तो तिथे शिकला. एका मुसलमान आईने तीन लिप्यांत चालवलेल्या छोट्या नियतकालिकातून देशाचा सगळ्यात ओळखीचा आवाज तयार झाला. आपलं मासिक दोन भाषांत निघतं, तेव्हा आपण त्याच वाटेवर आहोत, हे लक्षात असू द्या.

मग करायचं काय? मोठं काही सांगत नाही. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. घरी जा. नानी, दादी, खाला, शेजारची आजी यांना हळदीची, लग्नाची, जात्यावरची, मोहरमची, पाळण्याची जी गाणी येतात ती रेकॉर्ड करा. आधी त्यांना विचारा, त्यांची परवानगी घ्या. गाणाऱ्याचं नाव, गाव, भाषा आणि साल लिहून ठेवा. दहा गाणी जमली की यादी झाली. हार्लेमचीही दहाचीच होती. शेजारच्या पाड्यावरच्या मित्राला सांगा, त्याच्या होळीच्या गाण्यांची यादी तो करेल. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा, किती शब्द, किती चाली इकडून तिकडे गेलेल्या सापडतात ते. कपाटं आधी लावू नका. आधी काय आहे ते मोजा.

मी सुरुवात केली आहे. माझ्या अम्मीकडून चार गाणी मिळाली. एक उर्दू म्हणून ऐकत आलो होतो, त्यातले अर्धे शब्द अहिराणी निघाले. रेकॉर्ड करताना भाची शेजारी बसली होती. तिसऱ्या गाण्याला अम्मी अडखळली, तर भाचीने पुढची ओळ उचलली. तिला ते येतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी "चालत नाही" म्हटलं होतं, ते त्या वेळी दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. आत येऊन बसले.

वहीत चौथ्या गाण्यासमोर दोन नावं लिहिली आहेत, अम्मीचं आणि भाचीचं. यंदाच्या कार्यक्रमात ती काय गाणार, गाणार की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी या वेळी चहा पीत गप्प बसणार नाही, एवढा शब्द तुमच्यासमोर देतो.